काचेवरची टेकडी

१

पात्यामागून डोळा काढून साहेब म्हणाले, "मधोमध टेकडी आहे."

तळघरात अंधार होता, म्हणून मुंगीचा चेहरा कुणाला दिसला नाही. तिला आधी वाटलं, साहेब गंमत करताहेत. पण डोंगरावरच्या वेधशाळेचे प्रमुख एवढा प्रवास करून गंमत करायला येत नाहीत. ते बाजूला झाल्यावर तिने स्वतः पात्याला डोळा लावला.

खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला दुर्बिणीचा मोठा आरसा लाकडी घोडीवर उभा होता. त्यावर अजून चांदीचा मुलामा चढलेला नव्हता. नुसती घासून गुळगुळीत केलेली जाड काच होती ती. दिव्याचा बारीक ठिपका तिच्यावर पडायचा, परत यायचा, आणि त्या परतीच्या वाटेत दाढीचं पातं सरकवलं की काचेवरचे चढउतार सावल्या होऊन दिसायचे. केसाची जाडी जिथे पर्वत ठरेल अशी ही परीक्षा. निर्दोष आरसा तिच्यात एकसारखा राखाडी दिसतो, कडेपासून कडेपर्यंत. आठवड्यापूर्वी मुंगीने तो तसाच पाहिला होता. तेव्हा तिला रडू कोसळलं होतं, आणि जिना चढून तिने तसाच वेधशाळेला फोन लावला होता, की आरसा झाला.

आज त्याच काचेच्या मध्यावर एक गोल उंचवटा, एका बाजूने उजळ, एका बाजूने काळा, ठसठशीत बसला होता.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आरसा घासणाऱ्याला दिवसच्या दिवस काचेभोवती फेऱ्या घालाव्या लागतात. हात पुढे, हात मागे, एक पाऊल बाजूला, की पुन्हा हात पुढे. ती नवी होती तेव्हा तिला तसं फिरताना बघून तिला हे काम शिकवणारे मास्तर म्हणाले होते, ही पोरगी नाही, मुंगी आहे. ते नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे तिची आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागली.

वर कारखान्यात आल्यावर साहेबांनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. त्यांनी आवाज चढवला असता तर मुंगीला बरं वाटलं असतं. घासून काच कमी होते, ते म्हणाले, वाढत नाही. मध्ये टेकडी आणायची तर भोवतालची सगळी काच खाली न्यावी लागेल, आणि ते एका रात्रीचं काम नव्हे, महिन्यांचं आहे. म्हणजे टेकडी आज आलेली नाही. ती पहिल्यापासून होती. याचा अर्थ फोनवर जे सांगितलं गेलं ते...

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण सगळ्यांना ते ऐकू आलं. वेधशाळेत आरशांची देखभाल करायची एक जागा मुंगीसाठी राखून ठेवली होती, आरसा मुदतीत झाला तर. जागा हवी म्हणून पोरगी खोटं बोलली, असं त्यांना म्हणायचं होतं.

"मास्तरांना विचारा," मुंगी म्हणाली. "त्या दिवशी माझ्यानंतर त्यांनीही पाहिलं होतं."

सगळे मास्तरांकडे वळले. आयुष्यभर काचेखेरीज कशावर माया न केलेला तो म्हातारा स्टुलावर बसून आपल्या तळव्यांकडे बघत होता. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

२

साहेब घाईत निकाल देणाऱ्यांतले नव्हते. ते आणखी दोन सकाळी राहिले. दर सकाळी ठरल्याप्रमाणे मास्तर आधी एकटे खाली जात, आरशावरचं मलमलीचं आवरण काढत, हवा स्थिर होऊ देत आणि मग इतरांना बोलावत. ही इथली जुनी पद्धत होती. दोन्ही सकाळी टेकडी जागच्या जागी होती.

दुसऱ्या सकाळी मात्र एक गोष्ट मुंगीला खटकली. साहेबांचा चष्मा वरच राहिला होता, तो आणेपर्यंत बराच वेळ गेला, आणि त्या दिवशी टेकडी ठेंगणी दिसली. तिसऱ्या सकाळी ती पुन्हा पहिल्याएवढी उंच. तिने हे बोलून दाखवलं तेव्हा साहेब म्हणाले की पातं नीट लागलं नसेल.

मग त्यांनी निर्णय सांगितला. आरसा इथेच राहील, मास्तरांच्या देखरेखीखाली पुन्हा घासला जाईल. वेधशाळेतल्या जागेचं मात्र मुंगीने विसरून जावं. दुपारनंतर गाडी येईल, तिने ते परत जातील.

मुंगीने मान डोलावली. जागा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी होती. या धंद्यात माणसं थोडी, आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. खोटं माप सांगणारी म्हणून एकदा नाव झालं की कुठल्याही कारखान्यात तिच्या हाती कुणी काच देणार नव्हतं.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "गाडी यायला वेळ आहे ना? मग तोवर मी या मंडळींना थोडा त्रास देऊ का?"

ही साहेबांची आत्या. हवापालट म्हणून भाच्याबरोबर आली होती आणि तीन दिवस कोपऱ्यात बसून लोकर विणत होती. एका साप्ताहिकासाठी ती कोडी रचायची, अर्धं आयुष्य तिने त्यातच घालवलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. घरात आत्याला नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नसावी, कारण ते नुसतं म्हणाले, "विचार, काय विचारायचं ते."

३

आत्याने कुणाकडेही संशयाने पाहिलं नाही. "ज्याची शंका येते ते पोलीस बघतात," ती म्हणाली. "मला ज्याची अजिबात शंका येत नाही ते सांगा. या कारखान्यात कुठल्या गोष्टी इतक्या खऱ्या आहेत की त्या कुणी बोलूनही दाखवत नाही?"

हा प्रश्न सोपा वाटला, पण उत्तर द्यायला सगळ्यांना जड गेलं. साहेब म्हणाले, पातं खोटं बोलत नाही आणि काच वाढत नाही. मुंगीने आठवून आठवून सांगितलं की घासलेल्या बाजूला उघड्या हाताने कुणी शिवत नाही, आणि परीक्षा सकाळीच होते. घासताना काच तापते, तापली की फुगते, म्हणून रात्रभर तिला निवू द्यायचं. सकाळची काच गार असते, हा या धंद्यातला पहिला धडा. दिवसा परीक्षा करायचं कुणाच्या मनातही येत नाही. वर यंत्रं चालतात, माणसांची जा-ये असते, खालची हवा हलते.

आणखी काय, असं आत्याने विचारल्यावर मुंगी जरा थांबून म्हणाली, "मास्तर काचेला कधी इजा करत नाहीत."

मास्तर तेव्हा तिथे नव्हते. ते मागच्या अंगणात जाऊन बसले होते.

मग मास्तरांच्या भाच्याची पाळी आली. कारखान्याचा व्यवहार हा बघायचा, आणि तळघराची दुसरी किल्ली त्याच्या कमरेला असायची. मुंगीचा मनातून त्याच्यावरच वहीम होता. ही जागा एका गोदामवाल्याला भाड्याने द्यायचं त्याच्या डोक्यात होतं, हे ती जाणून होती. आत्याने विचारताच तो उसळला.

"मी कशाला बिघडवू? उलट आरसा कधी एकदा जातोय असं मला झालंय. मामांना मी स्पष्ट सांगितलंय, हे काम हातात आहे तोवर कारखाना चालू. हे गेलं की कुलूप."

"असं सांगितलंस? कधी?"

"मुंगीने फोन केला ना, त्याच संध्याकाळी."

आत्याने विणकाम बाजूला ठेवलं. मुंगीला वाटलं आता ती काहीतरी मोठं बोलणार. पण ती तिलाच म्हणाली, "हाताला लागेल ती वस्तू आण बघू. निवडू नकोस."

४

मुंगीने डोळे मिटून फळीवर हात फिरवला आणि जी आली ती वस्तू आत्यापुढे ठेवली. घासायच्या लाल पुडीची काचेची बरणी होती ती. पत्र्याचं झाकण घट्ट बसलेलं.

"छान," आत्या म्हणाली. "आता या बरणीचा आपल्या टेकडीशी काय संबंध?"

मास्तरांचा भाचा हसला, म्हणाला, काहीच नाही. आत्याला त्याचा राग आला नाही. तिने सांगितलं की कोडं अडलं की ती नेहमी हेच करते. डोकं एकाच पायवाटेने जात राहतं, म्हणून त्याला मुद्दाम आडरानात सोडायचं. संबंध नसतोच, तो लावायचा असतो. नऊ वेळा नुसता वेडेपणा हाती येतो आणि दहाव्या वेळी वाट सापडते.

ती झाकण उघडायला लागली. उघडेना. भाच्याने जोर लावला, साहेबांनी रुमाल धरून पिळलं, झाकण ढिम्म हललं नाही. शेवटी मुंगीच म्हणाली की असं नाही उघडायचं ते, आणि तिने बरणी उलटी करून झाकण गरम पाण्यात बुडवलं. क्षणभराने नुसत्या बोटांनी ते फिरलं.

आत्या त्या सुट्या झाकणाकडे बघत राहिली. "काय केलंस तू?"

"काही नाही. पत्रा तापला, फुगला, सुटला."

हे म्हणता म्हणता मुंगीचे हात थांबले. ती रोज हेच करत होती, रोज हेच जाणत होती, आणि तीन दिवस तिला हे सुचलं नव्हतं, कारण सकाळची काच गार असते हे तिला फार चांगलं ठाऊक होतं. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. काच वाढत नाही, असं तेच म्हणाले होते.

"यंत्रं बंद करा," आत्या म्हणाली. "सगळे इथे माझ्यासमोर बसा. सकाळपासून खाली कुणी गेलेलं नाही, आणि अजून थोडा वेळ कुणी जायचं नाही. मग आपण भरदुपारी आरसा बघू."

५

भरदुपारी त्या तळघरात कधी कुणी पात्याला डोळा लावला नव्हता. साहेब आधी बसले. त्यांनी पातं पुन्हा पुन्हा सरकवून पाहिलं. मग ते उठले आणि त्यांनी मुंगीला खूण केली.

ती बसली. पातं हळूच सरकवलं.

टेकडी नव्हती. कडेपासून कडेपर्यंत एकच मऊ राखाडी उजेड. माणसाच्या हाताने घासलेल्या वस्तूवर एवढी शांतता असू शकते, हे पहिल्या दिवशी तिला जितकं अद्भुत वाटलं होतं तितकंच आत्ताही वाटलं. आपण खोटं बोललो नव्हतो, हा विचार नंतर आला. आधी नुसता नमस्कार करावासा वाटला.

"आता जागची हलू नकोस," आत्या म्हणाली. चाचपडत ती आरशापर्यंत गेली, मलमलीचं आवरण काचेवर धरून तिने त्यावर पंजा दाबून ठेवला. बऱ्याच वेळाने तिने हात काढला, आवरण काढलं आणि बाजूला झाली.

काचेच्या मध्यावर एक हात उभा राहिला होता. तळव्याचा रुंद डोंगर आणि त्यातून फुटलेल्या पाच डोंगररांगा, उन्हाच्या बाजूला उजळ, पलीकडे सावलीत. एका म्हाताऱ्या बाईच्या हाताची ऊब, तीसुद्धा कापडातून गेलेली, आणि एवढ्या जाड काचेने ती ओळखली होती. बघता बघता रांगा बुटक्या झाल्या, बोटं एकमेकांत मिसळली, एक गोल उंचवटा उरला. अगदी तीन दिवसांच्या टेकडीसारखा. मग तोही विरला.

साहेबांनी ते पाहिलं नव्हतं, म्हणून आत्याने पुन्हा हात ठेवला. साहेब पात्यामागून म्हणाले, "अरे बापरे," आणि त्यांचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला होता. आयुष्यभर ते तारे बघत आले होते. पण काच इतकी हळवी असते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या आत्याचा हात तिच्यावर उगवून मावळताना बघणं वेगळं.

६

वर आल्यावर मास्तरही अंगणातून आत आले. साहेबांनी मुंगीची माफी मागितली, सरळ आणि सगळ्यांदेखत. पण त्यांना आता नाव हवं होतं. रोज सकाळी काचेला ऊब दिली कुणी?

"तू उलटा प्रश्न विचारतोयस," आत्या म्हणाली. "आरसा कुणाला बिघडवायचा होता, हे आपण तीन दिवस विचारलं. पण ज्याला बिघडवायचा होता त्याला एक ओरखडा पुरला असता. या माणसाने उघडं बोटसुद्धा लावलं नाही, नाहीतर काचेवर डाग दिसला असता. त्याने कापडावरून हात ठेवला. आरसा बिघडलेला दिसावा, पण बिघडू नये. असं कोण करेल? ज्याचं आरशावर प्रेम आहे तो."

आत्याने आवाज खाली आणला. आरसा बिघडल्याने फायदा कुणाचा, हे विचारून हाती काही लागत नाही, तर मग आरसा पूर्ण झाल्याने नुकसान कुणाचं, ते बघू या, असं ती म्हणाली. पूर्ण झाला की कारखान्याला कुलूप. पूर्ण झाला की मुंगी डोंगरावर. आणि नाही झाला तर पुन्हा घासकाम, तेच दोघं, तीच काच. चष्म्याने उशीर केला त्या दिवशी टेकडी ठेंगणी होती, कारण तिला निवायला जास्त वेळ मिळाला. म्हणजे हात नेहमी परीक्षेच्या अगदी आधी पडत होता. सकाळी सगळ्यांच्या आधी...

"रोज चहाचा पेला दोन्ही हातांत धरून पायरीवर उभा राहायचो," मास्तर म्हणाले. "हात तापले की पेला तिथेच ठेवून आत जायचो."

पेल्याचं मुंगीला माहीत होतं. तो गार झालेला भरला पेला रोज तीच मोरीत ओतत होती आणि वय झालं म्हणून विसरतात, असं समजत होती.

मास्तर साहेबांकडे वळले. "पहिल्या दिवशी आरसा निर्दोष होता. मी पाहिलं होतं. हिने सांगितलं ते खरं होतं. उभ्या जन्मात मी एवढा चांगला आरसा केला नाही, आणि हा तर जवळजवळ सगळा हिनेच केलाय." एवढं बोलून त्यांना दम लागला.

७

आरसा पेटीत घालून ती खिळे ठोकून बंद करायच्या आधी एक शेवटची परीक्षा उरली होती. साहेबांनी ती या दोघांवरच सोडली. वेधशाळेतली जागा पुन्हा मुंगीची झाली होती; गाडी दारात आली होती आणि तिची ट्रंक गाडीत चढली होती.

तळघरात मुंगीने आरशावरचं आवरण काढलं. मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात. मला खोटारडी म्हणत होते आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"का?"

"मला वाटलं, नाव जाईल पण तू राहशील." अंधारात त्यांचा आवाज जवळ आला आणि पुन्हा लांब गेला. "वाईट केलं. तुझं नाव म्हणजे मीच घडवलेली वस्तू, आणि काचेला जपलं तेवढंही मी तिला जपलं नाही."

मुंगीला त्यांचा राग आला होता, आणि तो एका दुपारीत जाणार नव्हता. पण राग आला म्हणून माया जागची हलत नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं. मग तिला एक गोष्ट सुचली. जो काचेवर हात ठेवतो तो खोलीच्या या टोकाला असतो आणि पातं त्या टोकाला. म्हणजे तीन सकाळी टेकडी उभी करून मास्तरांनी ती धड उभी होताना कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या आधी दुसरंच कुणी पात्याला बसत होतं.

तिने त्यांना खांद्याला धरून पात्यामागे बसवलं. स्वतः आरशाशी गेली, मलमल काचेवर धरली, हात उघडून त्यावर टेकवला. तिच्या हाताखाली काच हळूहळू कोमट झाली. तिने हात काढला, मलमल काढली आणि अंग चोरून बाजूला उभी राहिली.

पलीकडून मास्तरांचा श्वास तेवढा ऐकू आला.

"दिसतोय?" तिने विचारलं.

"दिसतोय. पाचही बोटं आहेत." थोड्या वेळाने ते म्हणाले, "करंगळी वाकडी आहे तुझी. इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही."

"पूर्ण विरला की सांगा," मुंगी म्हणाली. "मग मी निघते."

ती अंधारात भिंतीला टेकून उभी राहिली. वर साहेबांच्या चालण्याचा आवाज येत होता, बाहेर गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला. हाताची ऊब काचेतून जायला किती वेळ लागतो ते आता तिला पक्कं ठाऊक झालं होतं. तेवढा वेळ होऊन गेला. मग त्याच्या दुप्पट झाला. काच केव्हाच निवली असणार आणि पात्यामागे एकसारखा राखाडी उजेड सोडून काही उरलं नसणार, हे तिला कळत होतं.

मास्तर काही बोलले नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही.